इंदूरच्या अंगणात अडुळसा: काडी रुजवण्यापासून भुंगे येईपर्यंत

अडुळसा म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पानांचा रस, त्यात मध, आणि तोंड वाकडं करत गिळलेला तो चमचा. या झुडपाला पांढरी, इंचभर लांबीची, आत जांभळट-गुलाबी रेघा असलेली फुलं येतात हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात असतं. त्यात त्यांची चूक नाही. घरचा अडुळसा बहुतेक वेळा औषधासाठी ओरबाडलेला असतो, नाहीतर कुंपण म्हणून वरून सपाट कापलेला. दोन्हीकडे फुलं धरायला जागाच उरत नाही.

हा लेख त्या फुलांसाठी आणि त्यांच्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे. आजवर हातात कुदळ न धरलेल्यांनाही जमेल अशा बेताने लिहिला आहे. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर अशा इंदुरी वस्त्यांत अजून बऱ्याच घरांपुढे कंपाउंडलगत मातीची अरुंद पट्टी शिल्लक आहे. तिथे काय लावावं म्हणून नर्सरीत विचारलं की ड्युरांटा, हमेलिया नाहीतर बोगनवेल पुढे येते. हमेलियावर शिंजीर पक्षी येतात, खोटं कशाला बोला. पण ती अमेरिकेतून आलेली झाडं आहेत, आणि एकाच गल्लीत सगळ्यांच्या दारात तीच तीन झाडं पाहून कंटाळा येतो तो वेगळाच. कुणी म्हणेल, मग घाणेरी काय वाईट, तिच्यावर तर फुलपाखरांची जत्रा असते. असते खरी. पण तिची फळं पक्षी खातात, बिया रानात नेऊन टाकतात, आणि मध्य प्रदेशातल्या जंगलांत तिने केवढी जमीन अडवली आहे ते वनखात्याच्या कुणालाही विचारा. मुद्दाम लावण्यासारखं ते झाड नाही.

अडुळसा इथलाच आहे. माळव्यात गावाकुसाला, शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठाने तो आपला आपण उभा असतो. पान इतकं कडू की बकरी तोंड लावत नाही, त्यामुळे जाळी लागत नाही. एकदा मूळ धरलं की पावसाच्या पाण्यावर वर्ष काढतो. लावायला सोपा, जगवायला त्याहून सोपा. अवघड आहे ते एवढंच, की योग्य महिन्यांत कात्री हातात न घेणं. ते पुढे सविस्तर येईल, कारण फुलं मिळणार की नाहीत हे खरं तर तिथेच ठरतं.

झुडूप ओळखा, मगच काडी घ्या

अडुळशाची पानं समोरासमोर जोडीने येतात, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. चुरगळली की उग्र वास येतो. फांद्यांची पेरं किंचित फुगलेली असतात. झुडूप साधारण पुरुषभर उंच होतं, मोकळं सोडलं तर आणखी थोडं वर जातं.

नर्सरीत हिंदीत 'अडूसा' म्हणून मागा. एक सावधगिरी घ्या. 'काळा अडुळसा' नावाचं दुसरं झुडूप मिळतं. त्याची पानं अरुंद आणि गडद, देठ-फांद्या काळपट. तेही औषधी मानतात, पण ते आपल्याला नको आहे. शंका असेल तर झुडूप फुलावर असताना पाहून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं पाहिली की गोंधळ राहत नाही.

तसं पाहिलं तर रोप विकत घेण्याची गरजच नाही. शहराच्या जुन्या भागातल्या वाड्यांच्या परसात, एखाद्या वैद्यांच्या घरामागे, महू-सिमरोलच्या वाटेवरच्या शेतांच्या कुंपणात अडुळसा सापडतो. मालकांना आधी विचारा. "काकू, पावसाळ्यात दोन फांद्या नेऊ का?" असं म्हटल्यावर नाही म्हणणारी काकू अजून इंदुरात जन्माला यायची आहे. उलट चहा होतो, आणि दोनाच्या जागी दहा फांद्या मिळतात. रालामंडलच्या टेकडीवरून मात्र काही आणू नका. ते १९८९ पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यातून झाडाची फांदी तोडून नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

जागा आणि माती

दिवसातून चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा हवी. अर्ध्या सावलीत अडुळसा जगतो, पानांनी भरतोही, पण फुलांत कंजुषी करतो. भिंतीपासून निदान दोन फूट अंतर सोडा, नाहीतर फांद्या रस्त्यावर झुकतात आणि मग कुणीतरी येता-जाता त्या मोडतं.

माती हा इंदूरकरांचा खरा विषय. "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर" हे आपण अभिमानाने म्हणतो, आणि गव्हाला, सोयाबीनला ही काळी माती सोनं आहेच. झुडूप लावणाऱ्याला मात्र तिचे दोन स्वभाव माहीत हवेत. पावसात ती फुगते, चिकट होते, पाणी धरून बसते. उन्हाळ्यात आक्रसते, तिला बोटं शिरतील एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. अडुळसा ही माती सहन करतो. मुळाशी साचलेलं पाणी मात्र त्याला चालत नाही.

म्हणून आधी एक तपासणी करा. लावायच्या जागी फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा. ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा रिकामा असेल तर काळजी नाही. पाणी तसंच असेल तर जमिनीच्या पातळीवर लावू नका.

इथे पुस्तकी सल्ला आणि काळी माती यांचं जमत नाही. पुस्तकं सांगतात, दीड फुटाचा खड्डा घ्या, त्यात वाळू, खत, भुसभुशीत माती भरा. काळ्या जमिनीत असा खड्डा केला की आजूबाजूचं पाणी त्या सैल मातीत उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. श्रावणात रोपाची मुळं टाकीत बुडाल्यासारखी होतात. पानं पिवळी पडतात, लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय, आणि ते आणखी पाणी घालतात.

त्यापेक्षा वरंबा करा. पट्टीवरची वरची वीतभर माती कुदळीने सैल करा, तिच्यात एक तृतीयांश कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, आणि त्याचा आठ-नऊ इंच उंच, दोन फूट रुंद असा लांबट उंचवटा ओढा. भिंतीकडून बाहेर थोडा उतार ठेवा. थोडीशी वाळू मिसळून काळी माती हलकी होत नाही, चार घमेली टाकून मन फक्त शांत होतं. चिकणमाती हलकी होते ती कुजलेल्या पाल्याने, आणि ती एका वर्षात होत नाही.

नव्या कॉलन्यांत आणखी एक भानगड असते. घर बांधताना उरलेला मलबा, सिमेंटचे ढेकळे, वर मुरूम, आणि त्यावर शोभेपुरती चार इंच काळी माती. कुदळ मारली की खण्ण आवाज येतो तो याचा. मोठे तुकडे वेचून काढा, बाकी असू द्या. अडुळसा चुनखडीच्या मातीतही तग धरतो.

काडी रुजवणं

वेळ जुलैची. इंदुरात पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो, पण पहिल्या सरीला घाई करू नका. जमीन आतपर्यंत भिजू द्या, हवेतला उकाडा उतरू द्या. आषाढी एकादशीच्या आसपास सुरुवात केली तर पुढचे दोन महिने आभाळ तुमचं काम करतं.

फांदी निवडताना अगदी कोवळी, हिरवी शेंड्याची नको, आणि बुंध्याकडची जाड लाकडासारखीही नको. मधली, पेन्सिलएवढी, तपकिरीकडे झुकलेली घ्या. तिचे सहा ते आठ इंचांचे तुकडे करा. प्रत्येकावर तीन-चार पेरं आली पाहिजेत. खालचा काप पेराच्या लगेच खाली, सरळ घ्या; वरचा काप पेराच्या थोडा वर, तिरपा. असं केलं की कोणतं टोक मातीत जायचं हेही विसरायला होत नाही. उलटी खोचलेली काडी रुजत नाही.

खालची पानं काढून टाका. वर एक जोडी ठेवा आणि तीही कात्रीने अर्धी कापा. हे पाहून घरातले हळहळतात, पण पान मोठं असलं की त्यातून पाणी उडत राहतं आणि ते भरून काढायला काडीला अजून मूळ नसतं.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, बुडाला चार-पाच भोकं पाडून वापरता येतात. त्यांत अर्धी जाड वाळू आणि अर्धं माती-कंपोस्ट भरा. इथे वाळू हवी, कारण पिशवीतली काळी माती विटेसारखी घट्ट होते. दोन पेरं मातीत, बाकी वर. काडी बोटांनी दाबून बसवा म्हणजे आजूबाजूला पोकळी राहत नाही. पिशव्या झाडाखाली किंवा पोर्चमध्ये उजेडाच्या सावलीत ठेवा. माती ओलसर राहील एवढंच पाणी झारीने द्या.

साधारण दहा-पंधरा दिवसांत डोळे फुटतात आणि नवशिक्यांना वाटतं, झालं. झालेलं नसतं. ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर येते, मुळं अजून यायची असतात. काडी उपटून मुळं आली का हे पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. उपटू नका, कारण नुकती फुटलेली मुळं केसाएवढी बारीक असतात आणि तिथेच तुटतात. नव्या पानांची दुसरी जोडी येऊन स्थिरावली, काडी हलकेच हलवल्यावर मातीने तिला धरलेलं जाणवलं, की समजा मूळ धरलं. सहा ते आठ आठवडे धरून चाला. हव्यात त्याच्या दीडपट काड्या लावा, काही जाणारच.

घाई असेल, किंवा लांबलचक कुंपण करायचं असेल, तर काड्या थेट वरंब्यात लावल्या तरी चालतं. त्या जागी थोडी लांब, फूटभराची काडी घ्या. पाऊस लागून राहिला तर बऱ्याचशा लागतात. मधे पंधरा दिवसांची उघडीप पडली, जी आपल्याकडे पडतेच, तर संध्याकाळी पाणी घालायला विसरू नका.

जमिनीत लावताना

ऑगस्ट संपत येताना पिशवीतली रोपं वरंब्यावर न्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हे उरकलं पाहिजे, म्हणजे पाऊस परतायच्या आधी त्यांना महिनाभर ओलावा मिळतो. कुंपणासाठी दोन रोपांत अडीच फूट, सुटी झुडपं हवी असतील तर चार-पाच फूट. पहिल्या वर्षी ही अंतरं हास्यास्पद वाटतात. तिसऱ्या वर्षी कमीच सोडलं असं वाटतं.

पिशवी ब्लेडने चिरा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि पिशवीत माती जितकी वर होती तितकीच इथेही ठेवा. रोपाभोवती आळं करू नका, निदान पावसाळ्यात तरी. आळं उन्हाळ्याचं काम. रासायनिक खताची गरज नाही; युरियाने फक्त पानांचा डोलारा वाढतो.

पाणी आणि पहिला उन्हाळा

हिवाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. इंदूरची थंडी कधीकधी पाच-सहा अंशांवर उतरते, पण अडुळशाला तिचं काही वाटत नाही.

खरी परीक्षा एप्रिल ते जून. तोवर आळं करून घ्या. नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं, त्यामुळे रोज थोडं थोडं पाणी घालण्याची सवय अशीही परवडत नाही, आणि ती झाडाच्या कामाचीही नाही. थोड्या पाण्याने मुळं वरच्या थरात राहतात आणि वरचा थरच आधी तापतो. आठवड्यातून एकदा, पण प्रत्येक रोपाला बादलीभर, सावकाश, संध्याकाळी. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं नको.

भेगा दिसू लागल्या की त्यांत सुकी माती आणि चुरलेला पाला कोंबा. वरून चार इंच पाल्याचं आच्छादन द्या. बुंध्याला टेकवू नका, बोटभर अंतर ठेवा. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी दिलं तरी भागतं. तिसऱ्या वर्षापासून मे महिन्यात फार मलूल दिसला तरच द्या. दुपारी पानं माना टाकतात आणि पहाटे पुन्हा ताठ होतात, याला तहान म्हणत नाहीत. सकाळीही मरगळलेली दिसली तर पाणी द्या.

पाला कचरागाडीत टाकू नका

आपलं शहर २०१७ ते २०२३ असं स्वच्छ सर्वेक्षणात सलग सातदा पहिलं आलं. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की ओला-सुका वेगळा करून आपण दारात उभे असतो, आणि ते चांगलंच आहे. पण या सवयीत झाडाखालचं वाळलेलं पानसुद्धा कचरा होऊन बसलं. अंगण झाडा, ओटा झाडा, रस्ता झाडा. झुडपाखालची माती झाडू नका.

त्या पाल्यात कोळी, वाळवी, भुंगेरे, गांडुळं असतात. ते खायला सातभाई पक्षी कलकलाट करत येतात आणि पानं उलटीपालटी करतात. सापसुरळी तिथेच ऊन खाते. पाला कुजून काळी माती भुसभुशीत करतो ते वेगळंच. आणि हे इंदूरला शिकवायची खरं तर गरज नाही. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आणि इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग वेळोवेळी पालटून, सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट करण्याची रीत बसवली. जगभरच्या शेतकी पुस्तकांत ती 'इंदूर पद्धत' म्हणून आहे. त्याच आवारात आज कृषी महाविद्यालय भरतं. आपल्या अंगणात एवढा खटाटोप नको. छाटलेल्या फांद्या बारीक तोडून, पाल्यात मिसळून, वर शेणकाला शिंपडला तरी पुढच्या जूनला खत तयार असतं. अडुळशाचा पाला लवकर कुजतो, हिरवळीचं खत म्हणून तो पूर्वीपासून शेतात घालतात.

पाल्यात साप येतील ही भीती सगळ्यांना असते. साप येतो उंदरांमागे, आणि उंदीर येतात उष्ट्या-खरकट्यामागे. ते बाहेर टाकू नका, झुडपाजवळ विटा-फरशांचा ढीग ठेवू नका, आणि दारापासून पाच-सहा फुटांत झुडपाचा तळ फूटभर मोकळा ठेवा. एवढी काळजी पुरते.

कात्री कधी, आणि कधी नाही

अडुळशाला फुलांचे तुरे फांदीच्या शेंड्याकडच्या पानांच्या बगलेत येतात. पावसाळ्यात जी नवी वाढ होते तिच्याच टोकांवर. तुरळक फुलं थंडी सुरू झाली की दिसतात, भर येतो तो जानेवारीनंतर, आणि मार्चपर्यंत टिकतो. म्हणजे ऑगस्टनंतर शेंडा कापला की त्या वर्षाची फुलं कापली.

आता आपल्या घरांचं वेळापत्रक पाहा. कुंपणाची कापाकापी कधी होते? दिवाळीच्या साफसफाईत. माळी येतो, मोठी कात्री चालवतो, कुंपण भिंतीसारखं सपाट करतो, सगळे खूश होतात. मग फेब्रुवारीत कुणीतरी म्हणतं, आमच्या अडुळशाला फुलंच येत नाहीत हो. कशी येणार?

लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून इंदुरी पंचांग सांगतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघून गेली, राजवाड्याचे रस्ते धुऊन झाले, तुरे सुकू लागले, की कात्री बाहेर काढा. राखीपौर्णिमा झाली की ती माळ्यावर ठेवा. अनंत चतुर्दशीच्या झाक्या, दसरा, दिवाळी, संक्रांत, काहीही असो, तिला हात लावायचा नाही. माळ्यालाही हे स्पष्ट सांगा; तो ऐकेलच असं नाही, म्हणून त्या दिवशी घरी थांबा.

छाटणी दोन टप्प्यांत करा. रंगपंचमीनंतर फक्त सुकलेले तुरे आणि वाटेत येणाऱ्या फांद्या. एप्रिलमध्ये झुडूप उघडंबोडकं करू नका, ऊन थेट बुंध्यावर येतं. मुख्य छाटणी जूनच्या पहिल्या पावसाबरोबर: सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश जमिनीपासून वीतभर उंचीवर कापा. बाकीच्यांना हात लावू नका. दरवर्षी असं केलं की तीन वर्षांत झुडूप पूर्ण नवं होतं, आणि एकाही वर्षी फुलं चुकत नाहीत. वरून सपाट करण्याचा हट्ट सोडावा लागतो एवढंच. थोडं विस्कटलेलं दिसेल. दिसू द्या.

पहिल्या वर्षी छाटणी नाही, फक्त शेंडा एकदा, जूनमध्ये खुडा, म्हणजे खालून फुटवे येतात. फुलं साधारण दुसऱ्या हिवाळ्यात, चांगली भरलेली तिसऱ्यात.

पाहुणे कोण, आणि त्यांना काय लागतं

सकाळी ऊन वर आल्यावर झुडपाजवळ उभं राहा. सगळ्यात आधी ऐकू येतो तो काळा, जाडजूड भुंगा. अडुळशाचं फूल त्याच्याच मापाचं आहे. खालचा ओठ पुढे आलेला, त्यावर रेघा. भुंगा तिथे उतरतो आणि मधासाठी डोकं आत घालतो. वरच्या वाकलेल्या ओठाखाली दोन पुंकेसर दबा धरून असतात, ते त्याच्या पाठीला परागकण फासतात. पुढच्या फुलात तीच पाठ स्त्रीकेसराला लागते. कधीकधी भुंगा हा सगळा खटाटोप टाळतो आणि फुलाच्या बुडाशी चीर पाडून परस्पर मध पितो. त्या जातीला ही खोड आहे. फुलांच्या बुडाशी बारीक चिरा दिसल्या तर कीड समजून फवारणी करू नका.

लोक या भुंग्याला भितात. मादीला नांगी असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही. नराला तर नांगीच नसते. वाळलेल्या लाकडात किंवा वेळूत बोगदा करून ते घर करतात. म्हणून आंब्याची किंवा निंबाची एखादी मनगटाएवढी वाळकी फांदी, नाहीतर सुक्या बांबूचे दोन तुकडे, पावसात भिजणार नाहीत असे वळचणीला आडवे बांधून ठेवा. घराच्या दाराच्या चौकटीपेक्षा तिथे गेलेले बरे.

मधमाश्या येतात, आग्याही येतात आणि बारीक फुलोरीही. आणि शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. हिवाळ्यात नराच्या गळ्या-छातीवर फक्त एक गडद पट्टा असतो. फुलं भरात येतात त्याच सुमाराला तो काळा-निळा चमकू लागतो. तो फांदीला लटकून, बाकदार चोच घालून एकेक फूल तपासतो. घरटं कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली लोंबती पिशवी असते, बाहेरून कचरा अडकल्यासारखी दिसते. मार्च ते मे अशी पिशवी दिसली तर झाडूने काढू नका. पिल्लांना मध चालत नाही, त्यांना कोळी आणि किडे भरवतात. त्यामुळे एका हाताने फुलं आणि दुसऱ्या हाताने कीटकनाशक, हे गणित बसत नाही.

शिंपी पक्षी रुंद पानं शिवून घरटं करतो, बुलबुल दाट फांद्यांत वाटी बांधतो. जूनची छाटणी करण्याआधी म्हणूनच आत डोकावा. घरटं चालू असेल तर ती फांदी पुढच्या वर्षी.

पाण्याची उथळ परात खाली ठेवायला हरकत नाही, आत एक दगड टाका म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पण पाणी रोज ओतून देऊन नवं भरा. डेंग्यूचे डास अशाच पाण्यात होतात.

काही बिघडलं तर

अडुळशाला रोग फार नाहीत. पावसाळ्यात खालची पानं पिवळी पडली तर मुळाशी पाणी साचलंय. वरंब्याच्या कडेने चर काढून ते बाहेर सोडा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर माती फार चुनखडीची आहे, कंपोस्ट वाढवा. कोवळ्या शेंड्यांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर नळाच्या जोरदार धारेने धुऊन काढा, दोन-तीन दिवस ओळीने. तरी राहिला तर तेवढा शेंडा खुडा. फुलं असताना निंबाचं तेलसुद्धा फवारू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी चौदा-सोळा इंचांची कुंडी घ्यावी. काळी माती एक भाग, कंपोस्ट एक भाग, जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम एक भाग. दक्षिणेची किंवा पूर्वेची बाल्कनी चालते. कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि दर दोन वर्षांनी मुळं थोडी छाटून नव्या मातीत बसवावं लागतं. चौथ्या मजल्यावरही भुंगे येतात.

पानं हाताशी आली की काढ्याचा मोह होईल. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्झिन नावाचं खोकल्याचं औषध बनलं, तेव्हा पान साधं नाही हे उघड आहे. म्हणूनच अंदाजाने घेऊ नका. गरोदर बाईला तर अजिबात देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. लहान मुलांच्या बाबतीत वैद्यांना विचारा.

अडुळसा एकटा वर्षभर पुरत नाही. पट्टीत जागा असेल तर त्याच्या पुढच्या बाजूला पिवळी कोरांटी लावा. ती पावसाळा सरताना फुलते, अडुळसा भरात येईपर्यंत फुलं देते, आणि लेमन पॅन्सी फुलपाखरू तिच्या पानांवर अंडी घालतं. तिला काटे असतात, म्हणून वाटेपासून दूर. कोपऱ्यात निर्गुडी चालते, ती उंच जाते, तेव्हा अडुळशावर तिची सावली पडणार नाही अशी उत्तरेकडच्या टोकाला लावा. दोन्ही काडीने लागतात, जुलैतच, आणि त्याच पद्धतीने.